उन्हातली चिंधी

आमच्या गल्लीच्या टोकाला किराणा दुकान होतं. घरातून निघून नाकासमोर चाललं तर तोंडातली सुपारी संपायच्या आत माणूस पोचेल, एवढ्याच अंतरावर. भास्करआप्पांना मात्र तिथून पाव किलो साखर आणायला अर्धी सकाळ लागायची. कारण आप्पा उन्हात पाय ठेवत नसत.

अक्षरशः ठेवत नसत. घराबाहेर पडले की आधी ते आमच्या भिंतीला पालीसारखे चिकटत. तसेच सरकत सरकत पलीकडच्या घरातल्या कांतिभाईंच्या जिन्याखाली जात. तिथे थांबून छत्री उघडत, टोपी कपाळावर ओढत आणि पुढच्या उघड्या रस्त्याकडे पूर आलेल्या नदीकडे बघावं तसं बघत. पलीकडे कापडाचे ताके भरलेला टेम्पो उभा असला तर नशीब. त्याच्या सावलीत शिरायचं आणि तो सुरू व्हायची वाट बघायची. टेम्पो हलला की आप्पाही त्याच्या बाजूने, त्याच्याच वेगाने दुडक्या चालीने निघत. एकदा टेम्पोवाल्याने दुकानापाशी वेग कमी केलाच नाही, आणि आप्पांनी सावली सोडली नाही. बऱ्याच वेळाने ते पडदे सोडलेल्या रिक्षातून परत आले, हातात साखरेची पुडी घेऊन. "लिंबायतच्या बाजारातली साखर पण चांगली असते," एवढंच म्हणाले.

नाव भास्कर आणि वैर सूर्याशी, यावर गल्लीत सगळ्यांनी आपापले विनोद करून घेतले होते. मी तर दोनदा केला होता. दुसऱ्या वेळी कोणी हसलं नाही.

ही गोष्ट सुरतेत प्लेग येऊन गेला त्या सुमाराची. बँकेने माझी सुरतेला बदली केली होती. शिक्षा म्हणून नव्हे, पण बक्षीस म्हणूनही नव्हे. मी, माझी बायको आणि तिचं मिक्सरचं खोकं असे आम्ही गोडादऱ्यातल्या एका सोसायटीत भाड्याने राहायला आलो. तेव्हा गोडादऱ्यात एका बाजूला शेतं होती आणि दुसऱ्या बाजूने यंत्रमागांची खटखट यायची. पहिले काही दिवस त्या आवाजाने मला झोप लागेना. पुढे गावी गेलो की त्या आवाजावाचून झोप लागेना.

आप्पा आमच्या शेजारच्या घरात राहायचे. मूळचे धुळ्याकडचे. पोरवयात सुरतेला आले, आणि साड्या रंगवणाऱ्या एका मिलमध्ये हंडे ढवळता ढवळता कलर मास्टर झाले. व्यापारी साडीचा तुकडा आणून टाकायचा आणि म्हणायचा, असाच रंग पाहिजे. तसाच रंग काढून द्यायचा हे आप्पांचं काम. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते आधी रंग म्हणून बघत. माझ्या बायकोने हौसेने घेतलेल्या पांढऱ्या साडीला "ताई, हा मोतिया नाही, हा हस्तिदंती" असं सांगून त्यांनी तिचा सण घालवला होता. चहा आणला की कपात बघून म्हणत, "एक शेड कमी पडली." आमच्या मॅनेजरने मला झापलं त्या संध्याकाळी मी घरी आलो तर म्हणाले, "बँकभाऊ, आज गाजरी दिसता."

बँकभाऊ म्हणजे मी. माझ्याशी ते जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा प्रयत्न करत. घाईत, रागात किंवा लोभात आले की मात्र सरळ अहिराणीवर जात.

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे चिंधी. मिलचा नियम असा, की नवा रंग एकदम ताक्याला लावायचा नाही. आधी त्याच कापडाची एक चिंधी रंगवायची. ती अर्धी पुठ्ठ्याने झाकायची, अर्धी उघडी ठेवायची आणि गच्चीवर उन्हात टांगायची. काही दिवसांनी पुठ्ठा काढून बघायचं. उघडा भाग आणि झाकलेला भाग सारखे दिसले तर रंग पक्का, लॉट पास. आप्पांनी हा नियम मिलमधून घरी आणला होता. आंबे घ्यायचे तर "आधी चिंधी टाकू" म्हणत आणि आंबेवाल्याकडून एक फोड मागत. सोसायटीत नवा पंप बसवायचा ठरला तर "आधी चिंधी टाकू" म्हणून त्यांनी तो आठवडाभर स्वतःच्याच टाकीला लावून घेतला. माझ्या बायकोने मिक्सरच्या पुस्तकात बघून काहीतरी पदार्थ केला आणि त्यांच्याकडे वाटी पाठवली, तर वाटी तशीच हातात धरून त्यांनी आधी मला विचारलं, "तुम्ही खाल्लंत? कधी? आता बरं आहे ना?" त्या घरात मी बऱ्याच गोष्टींची चिंधी होतो.

आता त्यांच्या डोळ्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आप्पांची डावी पापणी जन्मापासून खाली आलेली. अर्धं ओढलेलं शटर असतं ना, दुकान उघडं आहे की बंद ते कळत नाही, तशी. तिच्याखालून बघायला त्यांना हनुवटी वर करावी लागे, त्यामुळे नवख्या माणसाला ते गर्विष्ठ वाटत. इंदूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या, "हे बघायला आले तेव्हा मला वाटलं डोळा मारून राहिलेत. मी म्हटलं, बाप रे, सगळ्यांसमोर! केवढा धीट माणूस. म्हणून तर हो म्हटलं. नंतर कळलं, हे तर जन्माचे घाबरट." कुठेही फोटो काढायला गेले की फोटोवाला हमखास म्हणायचा, "काका, आंख खोलो ने." आणि आप्पा शांतपणे म्हणायचे, "खोललेलीच आहे. हिचं खोलणं एवढंच." हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगायचे आणि सगळ्यात आधी स्वतःच हसायचे.

असा माणूस पन्नाशी उलटल्यावर एकदम उठून पापणीचं ऑपरेशन करून आला. ते दिवाळीच्या सुट्टीत. गल्लीला काही समजेना. कांतिभाई म्हणाले, "आप्पा, आता या वयात कोणाला डोळा मारायचाय?" आप्पा नुसते हसले. डॉक्टरने त्यांना जाताना एक गोष्ट बजावून सांगितली होती: पापणीवरच्या जखमेची रेघ कोवळी आहे, तिला ऊन लागलं तर ती काळी पडेल आणि काळीच राहील, काही महिने टोपी, गॉगल वापरा, जखम पूर्ण भरली की मी सांगेन तेव्हा उन्हाचं मलम लावा. दुसरा कोणी असता तर चार दिवसांत विसरला असता. पण डॉक्टरने हे सांगितलं होतं एका कलर मास्टरला. आप्पांनी त्यातून एवढंच उचललं, की कापड कोवळं आहे आणि रंग चढणार आहे.

"रंग चढी जाई," हे तेव्हापासून त्यांचं पालुपद झालं. दार उघडं राहिलं, रंग चढी जाई. समोरच्या घराच्या काचेवरून उजेड आला, रंग चढी जाई. माझ्या टकलावरून परावर्तन होतं असं सांगून त्यांनी मला दुपारी त्यांच्या ओट्यावर बसायला बंदी केली.

ऑपरेशनने पापणी वर गेली खरी, पण सुरुवातीला ती झोपेतही पूर्ण मिटेना. ऑपरेशनआधी आप्पा जागे असताना झोपल्यासारखे दिसत, आता झोपले की जागे दिसू लागले. रविवारी दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी बसून बँकेतलं राजकारण बराच वेळ समजावून सांगितलं. ते एकटक ऐकत होते. इतकं लक्ष देऊन माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मग ते घोरले.

टोपीचा विषय वेगळाच. इंदूकाकूंनी डुमसच्या समुद्रावरून कधीतरी आणलेली ती गवती टोपी बायकांची होती, रुंद काठाची, आणि तिला एका बाजूला प्लॅस्टिकच्या चेरी लटकत होत्या. चेरी काढा, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. "त्या बाजूने अजून थोडी सावली मिळते," असं उत्तर मिळालं. टोपीखाली काळा गॉगल आणि गॉगलखाली लेकीची ओढणी नाकातोंडावरून घट्ट गुंडाळलेली. हे सोंग घेऊन ते पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा प्लेग जाऊन थोडेच दिवस झाले होते. तोंडाला बांधलेले रुमाल लोकांनी नुकतेच सोडले होते. कांतिभाईंनी खिडकीतून हे ध्यान बघितलं आणि घरात हाक दिली, "पाछु आव्युं के शुं?" प्लेग परत आला की काय! आणि आप्पा दुकानातून परत येईपर्यंत कांतिभाईंची बॅग भरून ओट्यावर आली होती, वर खाकऱ्यांचा डबा. आप्पांनी ओढणी खाली करून तोंड दाखवलं तेव्हा कांतिभाई इतकंच म्हणाले, की प्लेग परवडला.

मग मलमाची पाळी. डॉक्टरने सांगितलेलं मलम महाग होतं, पण आप्पांचा आक्षेप किमतीवर नव्हता. "यांनी कोणत्या कापडावर बघितलं?" हा त्यांचा प्रश्न. म्हणून त्यांनी चिंधी टाकली. डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत पट्टे आखले: एकावर डॉक्टरचं मलम, एकावर कोल्ड क्रीम, एकावर खोबरेल, एकावर हळद, एक कोरा. मग स्वतः घरात अंधारात बसून नुसता हात खिडकीतून बाहेर उन्हात ठेवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे खिडकीत कोणी हात वाळत टाकलाय. बोहारणीने एकदा त्याच हाताशी भांड्यांचा भाव केला. शेजारधर्म म्हणून मीही माझा हात देऊ केला. आप्पांनी तो उलटसुलट करून बघितला, "तुमचं कापड जरा भरड आहे, पण चालेल," म्हणाले आणि पट्टे मारले. निकाल असा लागला, की डॉक्टरचं मलम खरंच चांगलं होतं आणि माझा हात पुढचे कित्येक दिवस पट्टेरी राहिला. बँकेत मी भर दुपारीही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायचो.

पण हे सगळं हसण्यावारी नेणारे आम्ही संक्रांतीला जरा गप्प झालो. सुरतेत संक्रांत नाही, उत्तरायण. त्या दिवशी शहरात रस्त्यावर माणूस नसतो, सगळे गच्चीवर. सकाळपासून अंधार पडेपर्यंत माना वर, डोळे सूर्यात. आणि आमच्या सोसायटीत पतंग म्हणजे आप्पा. एका डोळ्याने ते आख्ख्या गल्लीचे पतंग कापत. समोरच्या सोसायटीची पोरं वर्षभर मांजा सुतवत, ती फक्त आप्पांच्या नावाने. त्या वर्षी मात्र आप्पा पाण्याच्या टाकीच्या सावलीत, टोपी, गॉगल, ओढणी आणि वर उघडी छत्री अशा बंदोबस्तात बसून राहिले. हातात नुसती फिरकी. समोरून "कायपो छे", म्हणजे कापला, अशी आरोळी उठली की त्यांची बोटं फिरकीवर हलत. कोणाचातरी तुटलेला मांजा येऊन त्यांच्या छत्रीत अडकला, तेव्हा त्यांनी तो काढला, दोन बोटांत धरून किती धारदार आहे ते बघितलं आणि हळूच सोडून दिला.

"आप्पा, एक पतंग उडवा ना," मी म्हटलं. "एका पतंगाने काय होतंय?"

"वर बघावं लागतं," ते म्हणाले.

मला वाटलं, एका रेघेपायी एवढं? या वयात माणसाला एवढी रूपाची हौस? मी हे घरी बायकोला म्हटलं. ती काही बोलली नाही. मला न कळलेली एखादी गोष्ट तिला कधीच कळून चुकलेली असली की ती काही बोलत नाही. आमच्या घरात त्यामुळे बरीच शांतता असे.

उन्हाळा आला. बायकोने गच्चीवर कुरडया घातल्या आणि कावळे हाकलायला मला बसवलं. बँकेतल्या पदापेक्षा हे पद मला जास्त झेपायचं. टळटळीत दुपार, मी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेलो, आणि सहज शेजारच्या गच्चीकडे बघितलं तर आप्पा. भर उन्हात खुर्ची टाकून. टोपी होती, ओढणी होती, पण गॉगल नव्हता, आणि चेहरा मुद्दाम सूर्याकडे केलेला.

मी कठड्यापाशी गेलो. "आप्पा, ऊन आहे."

"माहीत आहे."

"अहो, रंग चढेल."

"चढू द्या. तेवढाच चढू द्या."

जवळून बघितलं तेव्हा कळलं. मिटलेल्या डाव्या पापणीवर, रेघेवरून, दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी लावलेली होती. रेघ सगळी झाकलेली. फक्त कानाकडचं टोक, तांदळाच्या दाण्याएवढं, पट्टीबाहेर उघडं होतं.

"अर्धं झाकलं नाही तर कळणार कसं?" आप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "सगळंच झाकलं आणि काळं नाही पडलं, तर ते झाकल्यामुळे, की पडणारच नव्हतं? कोणी विचारलं तर काय सांगू?"

"पण कोण विचारणार आहे तुम्हाला?"

आप्पांनी डोळे उघडले आणि जिन्याकडे बघितलं. "हळू बोला. खाली वैशू आहे."

वैशाली त्यांची लेक. एकुलती एक. कॉलेजच्या वयाची, हुशार, पण माझ्या मते भारी आखडू. समोर आली तरी हनुवटी वर. केस कायम एका बाजूने गालावर सोडलेले, आणि बोलताना तोंड जरा वळवून. बापाचा ताठा लेकीत उतरलाय, असं मी खुशाल समजून चाललो होतो. बँकेत सह्या जुळवून पोट भरणारा मी. रोज समोर दोन सारख्या पापण्या होत्या, आणि त्या मला जुळवता आल्या नव्हत्या.

आप्पा सांगत होते. "मला सगळे म्हणायचे, काका आंख खोलो. मी हसायचो. सगळा जन्म हसलो, मला काही वाटलं नाही. मागच्या वर्षी कॉलेजच्या कार्डासाठी तिला फोटोला घेऊन गेलो. फोटोवाला बोलला, बेन, आंख खोलो ने. चांगला माणूस होता, वाईट बोलला नाही. तिने उघडला डोळा, जेवढा उघडतो तेवढा. तो परत बोलला. मग तिने काय केलं, माहीत आहे? भुवया अशा वर ताणल्या." आप्पांनी करून दाखवलं. कपाळावर आठ्यांची जाळी झाली. "आणि तशीच बसून राहिली, फोटो निघेपर्यंत. बाहेर आली, मला म्हणाली, आप्पा, तुम्ही हसता कसे हो?"

कावळा माझ्या कुरडयांवर येऊन बसला होता. मी हाकलला नाही.

"तो फोटो तिने आणलाच नाही. कॉलेजचं नाव नाही तेव्हापासून. म्हणते, घरून परीक्षा देईन. डॉक्टर म्हणाले, पापणी वर करता येते. तर पोर म्हणाली, डोळा उघडेल, पण वर काळी रेघ राहिली तर लोक आता डोळा बघतात, मग रेघ बघतील. तिची आई म्हणाली, पोरीच्या तोंडाला चाकू नको. दोघींचं बरोबर. मी काय सांगणार? मी बघितलेलं नाही ते कसं सांगू?" मग पापणीवरच्या पट्टीला बोट लावून म्हणाले, "म्हणून म्हटलं, आधी चिंधी टाकू."

मी मूर्खासारखं म्हटलं, "आणि ही चिंधी बिघडली असती तर?"

"तर बिघडली असती. ताका एकच शे ना भाऊ माना. तो बिघडना ते दुसरा कथाईन आनू?" दुसरा कुठून आणू, हे विचारताना आप्पा अहिराणीवर गेले होते.

पुढचे महिने मीही सावल्या बघायला शिकलो. टेम्पोवाल्याला मीच सांगून ठेवलं, दुकानापाशी वेग कमी करत जा. पावसाळा सरला, गणपती बसले आणि उठले, तेव्हा आप्पांनी एका सकाळी लेकीला ओट्यावर बोलावलं. ट्यूबलाइटखाली शेड बघायची नाही, दिवसाच्या उजेडातच बघायची, हा त्यांचा नियम. मी आमच्या ओट्यावर पेपर उघडून बसलो होतो. पेपर उलटा होता हे बायकोने नंतर सांगितलं.

आप्पांनी टोपी काढली, पट्टी काढली आणि डोळा मिटून तोंड पुढे केलं. वैशालीने हनुवटी वर करून, आपल्या पापणीखालून त्यांची पापणी निरखली. बराच वेळ. रेघ शोधावी लागत होती इतकी ती कातडीत मिसळून गेली होती. फक्त कानाकडच्या टोकाला काळपट ठिपका.

"एवढंच काळं कसं?" तिने विचारलं.

"तिथे पट्टी नव्हती."

तिने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग तिला कळलं. "मुद्दाम ठेवलंत?"

आप्पा कोवळ्या उन्हात डोळा मिटून तसेच बसून राहिले, तपासायला दिलेल्या कापडासारखे. दारात इंदूकाकू हातात लाटणं घेऊन उभ्या होत्या.

"पण टोपी हीच घालावी लागेल का?" वैशाली शेवटी म्हणाली. "फार घाण आहे हो ही."

"चेरी काढू," आप्पा लगेच म्हणाले. वर्षभर साऱ्या गल्लीला जे जमलं नव्हतं, ते एका वाक्यात झालं.

वैशालीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरकडे आप्पांबरोबर मीही गेलो होतो, धीर द्यायला. म्हणजे आप्पा मला देणार होते. आप्पांनी सगळा चिंधीचा हिशेब ऐकवला तेव्हा डॉक्टर हसले आणि म्हणाले, "काका, तुमची कातडी पन्नाशीची, हिची विशीची. हे कापडच वेगळं आहे. हिचं कसं भरेल ते तुमच्यावरून नाही सांगता येणार." ते सहज बोलले. पण आप्पांचा चेहरा उतरला. मिलमध्ये सगळ्यात मोठी चूक हीच, चिंधी एका ताक्याची आणि रंगवायचा दुसराच. वर्षभर उन्हाला चुकवलं ते चुकीच्या कापडासाठी.

वैशाली त्यांच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "कापड वेगळं असू दे. मास्टर तोच आहे ना, आप्पा?"

ऑपरेशन नीट झालं. आप्पांनी दवाखान्यात कुठल्या खिडकीतून कधी ऊन येतं याची आधीच पाहणी करून तीन पेशंटांच्या खाटा हलवायला लावल्या, एवढाच काय तो त्रास. दिवाळी गेली. वैशालीच्या पापणीवरची रेघ अजून लालसर, कोवळी होती, आणि उत्तरायण आलं.

त्या सकाळी गच्चीवर टाकीच्या सावलीत ती बसली होती. बिनचेरीची टोपी, गॉगल, हातात फिरकी. आणि पुढे आप्पा, उघड्या डोक्याने, नुसत्या बनियनवर, उन्हात, दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून आकाशात बघत. वर्षभराची उधारी त्यांनी सकाळीच वसूल केली. समोरच्या सोसायटीचे एकामागून एक पतंग गेले. कठड्यापाशी उभे राहून कांतिभाई "कायपो छे" ओरडून घसा बसवून घेत होते.

ऊन चढलं तसा मी खाली जाऊन माझी क्रिकेटची टोपी आणली आणि आप्पांपुढे धरली. "घाला. रेघेवर रंग चढेल."

आप्पांनी वरची नजर काढली नाही. "लॉट पास व्हई गया, भाऊ. आते चिंधीले कोन इचारस?"

दुपारी सूर्य कलला आणि टाकीची सावली सरकू लागली. वैशाली कोणाच्या तरी पेचात रंगली होती, तिचं लक्ष नव्हतं. उन्हाची कड तिच्या पायावरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून हातावर. मी तिला हाक मारणार, तेवढ्यात आप्पा एक पाऊल डावीकडे सरकले. डोळे पतंगावरच. त्यांची सावली तिच्या टोपीवर, तोंडावर पडली. ऊन आणखी सरकलं, आप्पा आणखी एक पाऊल सरकले. सावल्यांचा अभ्यास दांडगा होता त्यांचा.

त्या जागेवर टाकीमुळे वारा अडत होता. पतंग झोके खाऊ लागला. समोरच्या पोरांनी ते हेरलं.

"आप्पा, पुढे या, पुढे," कांतिभाई बसलेल्या घशाने म्हणाले. "कापला जाईल."

आप्पा पुढे आले नाहीत. पतंग कापला गेला. समोरच्या गच्चीवर थाळ्या वाजल्या, आरोळी उठली. वैशालीच्या हातातली फिरकी सैल झाली. "आप्पा, एवढ्यात?" ती म्हणाली.

"डोळ्यावर ऊन आलं," आप्पा म्हणाले, आणि तुटलेला दोरा सावकाश गुंडाळत तिथेच उभे राहिले.